समोरासमोरची प्रत्येक लढत मॅच प्ले नसते

टर्नबेरी येथील 1977 च्या ओपन गोल्फ स्पर्धेची जुनी चित्रफीत पाहून हळवे होणाऱ्यांपैकी निम्मे लोक टॉम वॉटसन आणि जॅक निकलॉस यांच्या त्या लढतीला बिनदिक्कत ‘मॅच प्ले’ म्हणून मोकळे होतात. ह्यूस्टनला 1964 साली चित्रित झालेल्या बेन होगन आणि सॅम स्नीड यांच्या सामन्याचेही तेच. दोन्ही लढती स्ट्रोक प्लेच्या होत्या. हा घोळ इतक्या वेळा कानांवर पडला आहे की, आता तो हसून सोडून देणे मला जमत नाही.

स्ट्रोक प्ले वाचकांना ठाऊक आहे: अठरा होलांचे, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांचे, सगळे फटके मोजायचे आणि ज्याचे कमी, तो जिंकला. मॅच प्लेमध्ये प्रत्येक होल हा स्वतंत्र सामना असतो आणि हिशेब जिंकलेल्या होलांचा होतो. समजा, एका होलवर मी चार फटके घेतले आणि तुम्ही आठ. पुढचे दोन होल मात्र तुम्ही एकेका फटक्याने जिंकलेत. फटके मोजले तर मी दोनने पुढे आहे, होल मोजले तर तुम्ही एकने. इतके गणित सर्वांना समजते, आणि खरा गोंधळ या गणितात नाहीच.

तो आहे शेवटच्या दोन फुटांत. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा उरलेला पट (ग्रीनवरून, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून, चेंडू होलात ढकलण्याचा हलका फटका) ‘झाला असे समजू’ म्हणून सोडून देण्याचा अधिकार खेळाडूला असतो. स्ट्रोक प्लेमध्ये तो कोणालाच नसतो, कारण तिथे एका फटक्याचा संबंध केवळ समोरच्याशी नसून स्पर्धेतील प्रत्येकाशी असतो. चेंडू होलात न घालता पुढच्या होलची सुरुवात करणारा खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. हा फरक किती मोठा आहे, हे एकाच माणसाच्या दोन प्रसंगांवरून दिसते. 1969 च्या रायडर कप या अमेरिका विरुद्ध ब्रिटन सांघिक स्पर्धेत रॉयल बर्कडेलच्या अखेरच्या होलवर निकलॉसने टोनी जॅकलिनचा जेमतेम दोन-तीन फुटांचा पट सोडून दिला. त्यामुळे त्यांचा सामना बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघांची बेरीज 16-16 झाली. निकलॉसच्या अमेरिकन संघाचा कर्णधार सॅम स्नीड होता आणि त्याला हे औदार्य अजिबात रुचले नव्हते. आठ वर्षांनी टर्नबेरीच्या अठराव्या होलवर निकलॉसने गवतातून कसाबसा चेंडू ग्रीनवर आणून लांबचा पट घातला, आणि वॉटसनसमोर तेवढेच चिमुकले अंतर उरले. निकलॉसने मनात आणले असते तरी तो पट त्याला सोडून देता आला नसता. वॉटसनला तो घालावाच लागला, तेव्हा चारही फेऱ्या मिळून 268 विरुद्ध 269 असा निकाल लागला. तिसऱ्या क्रमांकावरचा ह्यूबर्ट ग्रीन 279 वर होता. तो इतका मागे राहिला की मैदानात दोघेच उरल्याचा भास झाला, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळ त्या भासात आहे.

होगन-स्नीड सामना ज्या मालिकेत दाखवला गेला, त्या ‘शेल्स वंडरफुल वर्ल्ड ऑफ गोल्फ’मध्ये तर खरोखरच दोनच खेळाडू असत, त्यामुळे तिथे चूक होणे अधिक क्षम्य आहे. परंतु निकाल पाहा: होगन 69, स्नीड 72. मॅच प्लेचा निकाल कधी असा लिहिला जात नाही. तो ‘3 आणि 2’ असा लिहितात, म्हणजे तीन होलांची आघाडी आणि खेळायचे दोनच शिल्लक, सबब खेळ सोळाव्या होलवर संपला. एक तासाचा कार्यक्रम रचणाऱ्याला असा अर्धवट शेवट परवडणार कसा? पीजीए चॅम्पियनशिपने 1958 साली मॅच प्ले सोडून स्ट्रोक प्ले स्वीकारला, त्यातही दूरचित्रवाणीचा हात मोठा होता, कारण बाद फेरीत नामांकित खेळाडू आधीच गारद झाले तर अखेरच्या दिवशी पडद्यावर दाखवायचे कोणाला?

माझ्या मते स्ट्रोक प्लेमुळेच होगनची ती चित्रफीत अमूल्य झाली आहे. एक्कावन्न वर्षांचा होगन त्या दिवशी प्रत्येक ग्रीनवर ठरलेल्या फटक्यांत पोहोचला, आणि तिथे पोहोचल्यावर मात्र पटरवर (पट मारायच्या काठीवर) ओणवा होऊन गोठल्यासारखा उभा राहिला. मॅच प्ले असता तर यांतले कित्येक छोटे पट स्नीडने सोडून दिले असते आणि ती गोठलेली शांतता आपल्याला दिसलीच नसती.

खराखुरा मॅच प्ले पाहायचा असेल तर ‘सीबीएस गोल्फ क्लासिक’चे जुने भाग शोधावेत. तिथे दोघादोघांच्या जोड्या खेळत, आणि प्रत्येक होलवर जोडीतील ज्याचे फटके कमी, त्याचाच आकडा धरला जाई. 1983 साली सुरू झालेल्या स्किन्स गेमला मॅच प्ले म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तिथे चौघे खेळत, प्रत्येक होलवर पैसे लावलेले असत आणि बरोबरी झाली की ती रक्कम पुढच्या होलवर ढकलली जाई. तो निराळाच प्रकार आहे आणि मला तो आवडतही नाही. मात्र होगनने स्नीडला ‘तीन होलांनी’ हरवले असे कोणी पुन्हा सांगितले, तर त्याला एवढेच विचारावे की, मग ते अठराव्या होलपर्यंत खेळत कशासाठी राहिले?