निवृत्ती व करनियोजन साहाय्य

निवृत्ती व करनियोजन साहाय्य : निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या किंवा निवृत्त व्यक्तीला वित्तीय सल्लागार जो सल्ला देतो, त्यामागची कागदपत्रांची छाननी, हिशेब आणि कायद्याची पडताळणी करण्याचे काम. हे काम करणारा सहायक ग्राहकासमोर बहुधा येत नाही. पण निवृत्तीच्या वेळी निवडलेले काही पर्याय नंतर बदलता येत नाहीत, म्हणून त्याने केलेली आकडेमोड ग्राहकाला आयुष्यभर पुरते किंवा भोवते.

नागपुरात या कामाला वेगळीच खोली येते, कारण एकाच वस्तीत फार वेगवेगळ्या मालकांचे निवृत्त लोक राहतात. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींचे नागपूर विभाग येथे आहेत. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि, मँगनीज काढणारी मॉयल आणि आयुधनिर्माण्या चालवणारी यंत्र इंडिया या सरकारी कंपन्यांची मुख्यालयेही येथेच आहेत. शिवाय कोराडी-खापरखेड्याचे वीज कर्मचारी, महापालिकेचे कर्मचारी, राज्य शासनाचे शिक्षक आणि कारकून. विदर्भातील राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला महालेखापालांचे नागपूर कार्यालय मंजुरी देते. प्राप्तिकर खात्यात दाखल होणारे अधिकारी प्रशिक्षणासाठी छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत येतात, तेही याच शहरात.

सहायकाने पहिला प्रश्न विचारायचा तो रकमेचा नाही, मालकाचा. केंद्र वा राज्य सरकारचा कर्मचारी आणि सरकारी मालकीच्या कंपनीचा कर्मचारी बोलताना दोघेही ‘सरकारी नोकरीत होतो’ असेच सांगतात. आयकर कायदा मात्र त्यांना एका मापाने मोजत नाही. महापालिकेचा कर्मचारी तर दोहोंच्या मधोमध आहे. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणे) यांबाबत स्थानिक प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्याला सरकारी कर्मचाऱ्याच्या बरोबरीने पूर्ण करमाफी मिळते, पण रजा रोखीकरणाच्या (शिल्लक रजेचे पैसे घेण्याच्या) कलमात फक्त केंद्र आणि राज्य सरकार हेच शब्द आहेत. अंबाझरी आयुधनिर्माणीचे जुने कर्मचारी २०२१ मध्ये यंत्र इंडिया कंपनीकडे गेले, पण मानीव प्रतिनियुक्तीवर. म्हणजे पगारपत्रकावर कंपनीचे नाव असले तरी प्रतिनियुक्ती टिकली आहे तोवर ते केंद्र सरकारचेच कर्मचारी. अशा ठिकाणी पगाराची पावती पाहून भागत नाही, नियुक्तीचा आणि प्रतिनियुक्तीचा आदेश मागवावाच लागतो.

रजा रोखीकरणात हा फरक लख्ख दिसतो. अजनीच्या रेल्वे कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळालेले ३०० दिवसांच्या रजेचे पैसे पूर्ण करमुक्त असतात. कंपनीतील अधिकाऱ्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २,८०,००० रुपये असतील, तर तेवढ्याच रजेचे २८ लाख होतात. त्यांतले २५ लाख करमुक्त, उरलेल्या ३ लाखांवर कर. ही मर्यादा १ एप्रिल २०२३ पासूनची आहे, त्याआधी ती फक्त ३ लाख होती. ती संपूर्ण आयुष्यासाठी एकच असते, आधीच्या मालकाकडे घेतलेली सूट त्यातून वजा होते. आणि नोकरीत असतानाच विकलेल्या रजेचे पैसे कोणाच्याही बाबतीत करपात्रच असतात, सरकारी कर्मचाऱ्याच्याही.

कंपनी कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीचे गणित त्यामानाने सरळ आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता, गुणिले सेवेची वर्षे, गुणिले १५, भागिले २६. वेतन ९०,००० आणि सेवा ३३ वर्षे असेल तर साधारण १७,१३,४६० रुपये. त्याच्यासाठी करमुक्तीची कमाल मर्यादा २० लाख आहे, सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त. हे लाभ नव्या करप्रणालीतही, म्हणजे कमी दर पण मोजक्याच सवलती असलेल्या पर्यायातही, करमुक्तच राहतात. नवी प्रणाली घेतली की सगळ्या सवलती गेल्या, हा समज फार पसरलेला आहे आणि सहायकाने तो वेळीच दूर केला पाहिजे.

सर्वांत जास्त विचार अंशराशीकरणाला, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कम्युटेशन’ला लागतो. केंद्र सरकारचा कर्मचारी मूळ निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेऊ शकतो. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी गुणक ८.१९४ आहे. मूळ निवृत्तिवेतन ५०,००० असेल तर विकलेला भाग २०,०००, आणि २०,००० × १२ × ८.१९४ म्हणजे १९,६६,५६० रुपये हातात येतात. त्यानंतर १५ वर्षे दरमहा २०,००० कमी मिळतात, म्हणजे एकूण ३६ लाख सोडावे लागतात. महागाई मदत मात्र पूर्ण ५०,००० वरच मिळत राहते.

या व्यवहाराकडे कर्ज म्हणून पाहिले तर व्याजाचा दर वर्षाला सुमारे ९ टक्के पडतो. घरासाठी किंवा मुलांसाठी काढलेले महाग कर्ज फेडायचे असेल तर तो रास्त आहे. मिळालेले पैसे नुसते मुदत ठेवीत ठेवायचे असतील तर ठेवीचे व्याज सहसा तेवढे मिळत नाही आणि त्यावर कर लागतो तो वेगळा. उलट बाजूही आहे. अंशराशीकरणाची रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त मिळते. पंधरा वर्षांच्या आत तो गेला तर उरलेली रक्कम कुटुंब निवृत्तिवेतनातून कापत नाहीत. म्हणून प्रकृती, कर्ज आणि करपात्र उत्पन्न या तिन्हींचा हिशेब एका कागदावर मांडल्याशिवाय ‘सगळेच घेतात’ म्हणून ४० टक्क्यांवर खूण करू नये. सरकारी नसलेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर निवृत्तिवेतनाच्या एक-तृतीयांश भागाचे आणि मिळाली नसेल तर निम्म्याचे अंशराशीकरण करमुक्त असते.

वेकोलिच्या कामगाराचा प्रश्न निराळा. कोळसा खाण निवृत्तिवेतन योजना, १९९८ हिच्यातून मिळणाऱ्या रकमेला महागाई भत्त्याची जोड नाही. ती ज्या आकड्यावर ठरते तिथेच थांबते आणि भाव चढत राहतात. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीचे पैसे कुठे ठेवायचे हाच त्याच्या नियोजनाचा गाभा ठरतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळते. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. साठी पूर्ण नसली तरी निवृत्तिलाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांत त्यांनाही हे खाते उघडता येते.

निवृत्तीनंतरच्या करात आर्थिक वर्ष २०२५–२६ पासून मोठा बदल झाला. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, शिवाय निवृत्तिवेतनातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. पण ही सूट विशेष दराच्या भांडवली नफ्याला लागत नाही. निवृत्तिवेतन ६ लाख, व्याज अडीच लाख आणि शेअर फंड विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा ३ लाख असेल, तर एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असूनही नफ्यातील १.२५ लाख वगळून उरलेल्या १.७५ लाखांवर १२.५ टक्के दराने आणि उपकर धरून २२,७५० रुपये भरावे लागतात. जुनी प्रणाली आता मोजक्याच लोकांना परवडते, तरीही दोन्ही हिशेब करून पाहावेत.

कुटुंब निवृत्तिवेतनात वारंवार चूक होते. पतीचे निवृत्तिवेतन ‘पगार’ या शीर्षाखाली येत असे, पत्नीला मिळणारे ‘इतर स्रोतांचे उत्पन्न’ धरले जाते. त्यावर ७५,००० ची वजावट नाही. नव्या प्रणालीत एक-तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा होते. विवरणपत्रात ते पगाराच्या रकान्यात गेले की नोटीस येते, आणि ती येते दुःखातून अजून न सावरलेल्या घरात. सहायकाने आधीच्या वर्षाचे विवरणपत्र नुसते पुढे ओढू नये, याचे हे सर्वांत मोठे कारण.

या कामाला मर्यादाही आहे. शुल्क घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीच्या, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाच्या, २०१३ च्या विनियमांनुसार नोंदणी लागते. सहायकाने केलेला हिशेब नोंदणीकृत सल्लागाराच्या नावाने आणि जबाबदारीवरच ग्राहकाकडे जातो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला. १९६१ च्या कायद्यातली पाठ झालेली कलमे बदलली आणि मागील वर्ष (उत्पन्न मिळाले ते) व कर निर्धारण वर्ष (त्यावर कर आकारला जातो ते) या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ आले. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागतो. त्यामुळे मार्चअखेर निवृत्त होऊन काही लाभ एप्रिलनंतर हाती पडलेल्या व्यक्तीच्या फायलीत दोन्ही कायद्यांचे तक्ते लावून ठेवावे लागतात आणि प्रत्येक रकमेसमोर ती कधी देय झाली व कधी मिळाली या दोन्ही तारखा लिहाव्या लागतात.