लांगर, अर्विन आणि ४५ चा आकडा

सीनियर गोल्फमध्ये, म्हणजे पन्नाशीपुढच्यांच्या स्पर्धांमध्ये, बरीच वर्षं ४५ हा आकडा म्हणजे हद्द समजली जायची. हेल अर्विनने एवढ्या स्पर्धा जिंकून ठेवल्या होत्या आणि त्याच्या आसपाससुद्धा कोणी फिरकत नव्हतं. मग २०२३ मध्ये बर्नहार्ड लांगर नावाच्या जर्मन माणसाने वयाच्या ६५ व्या वर्षी तो मोडला, आणि पुढच्याच वर्षी ६७ चा असताना अजून एक जिंकून आकडा ४७ वर नेला. बातमीत एवढंच येतं. पण या दोघांचं एक जुनं प्रकरण आहे, आणि मुळात ही सीनियर टूर काय भानगड आहे हेही आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

म्हाताऱ्या गोल्फरांची स्पर्धा तशी जुनीच, सीनियर पीजीए चॅम्पियनशिप १९३७ साली ऑगस्टा नॅशनलवर पहिल्यांदा झाली. पण ती वर्षातून एकदाची गोष्ट. रोजीरोटी म्हणावी अशी टूर निघाली ती टीव्हीमुळे. फ्रेड राफेल नावाच्या टीव्ही निर्मात्याने १९७८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला जुन्या दिग्गजांना जोड्या लावून खेळवलं, लेजंड्स ऑफ गोल्फ नावाने. पहिल्या वर्षी सॅम स्नीड आणि गार्डनर डिकिन्सन जिंकले, स्नीड तेव्हा ६५ चा होता. दुसऱ्या वर्षी तर कहर झाला, बरोबरी झाल्यावरचा प्लेऑफ सहा होल चालला, दोन्ही जोड्या बर्डीवर बर्डी (होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारतायत आणि लोक टीव्हीसमोरून हलेनात. या लोकांना अजून बघणारे आहेत हे कळल्यावर जानेवारी १९८० मध्ये स्नीड, डिकिन्सन, ज्युलियस बोरोस, डॉन जॅन्युअरी, बॉब गोल्बी, डॅन साइक्स अशी मंडळी एकत्र बसली आणि पीजीए टूरच्या (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक टूर) आधाराने सीनियर टूर सुरू झाली. पहिल्या वर्षी टूरच्या स्वतःच्या स्पर्धा फक्त २.

त्याच वर्षी यूएस सीनियर ओपन सुरू झाली, वयाची अट ५५. पुढच्या वर्षी अट ५० वर आणली आणि जिंकला कोण, तर तेव्हा ५१ वर्षांचा अर्नोल्ड पामर! आता अट कोणासाठी खाली आली हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. पामर आला म्हणजे गर्दी आली, गर्दीमागून स्पॉन्सर आले. या टूरचा धंदा आजही बराचसा तसाच चालतो, स्पर्धेच्या आधी प्रो-ॲम असते, त्यात स्पॉन्सर कंपनीचे साहेब आणि त्यांचे ग्राहक आपल्या लहानपणीच्या हिरोबरोबर एक दिवस खेळतात, फोटो काढतात आणि खूश होऊन घरी जातात. म्हणजे जे विकलं जातं ते निम्मं गोल्फ आणि निम्म्या आठवणी. बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या, ५४ होल, कट नाही (म्हणजे मधेच कोणाला गाळत नाहीत), बऱ्याच ठिकाणी गोल्फ कार्टमध्ये बसून फिरायलाही परवानगी. त्यामुळे पेन्शनरांची टूर म्हणून टिंगल व्हायची ती काही उगाच नव्हती. नावही बदलत गेलं, आधी सीनियर पीजीए टूर, २००३ पासून चॅम्पियन्स टूर, २०१६ पासून पीजीए टूर चॅम्पियन्स.

पण खेळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही टूर जरा क्रूर आहे. ५० ते ५५ ही मलई खायची वर्षं, कारण दरवर्षी खालून नवीन पन्नाशीचे गडी येतात, लांब मारणारे, कालपरवापर्यंत मुख्य टूरवर खेळत असलेले, आणि तुमचं वय मात्र दरवर्षी एकेक चढत असतं. म्हणून अर्विनचे ४५ एवढे अचाट वाटायचे. त्याने ते १९९५ ते २००७ मध्ये कमावले, शेवटचा जानेवारी २००७ ला हवाईत, वय ६१. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लांगर पन्नाशीचा झाला.

हा लांगर मूळचा बव्हेरियातल्या आन्हाउझेन नावाच्या खेड्यातला, ऑग्सबुर्गजवळ, जन्म १९५७. वडील गवंडी. युद्धानंतर कैदी म्हणून सैबेरियाकडे जाणाऱ्या गाडीतून त्यांनी उडी मारली होती असं लांगर सांगतो. त्या काळच्या जर्मनीत गोल्फ म्हणजे मूठभर श्रीमंतांचा खेळ, सामान्य माणसाला त्याचं नावही माहीत नसायचं. घरात पैसा नाही म्हणून आठ-नऊ वर्षांचा असताना हा पोरगा ऑग्सबुर्गच्या क्लबवर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) म्हणून जायला लागला, आणि १५ व्या वर्षी शाळा सोडून म्युनिकला असिस्टंट प्रो म्हणून नोकरीला. आपल्याकडे अली शेर दिल्लीत कॅडी होता आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल झाला, तो रस्ता आपल्याला ओळखीचा आहे. फक्त जर्मनीत पुढे जाऊन कोणासारखं व्हायचं असं दाखवायला कोणी नव्हतंच. बरं त्यात सक्तीची लष्करी नोकरी आली, पाठीवर ओझं घेऊन कवायती, आणि १९ व्या वर्षीच पाठ कायमची दुखावून बसला.

आणि मग यिप्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यिप्स म्हणजे अगदी दोन-तीन फुटांचा सोपा पट (चेंडू होलकडे ढकलायचा हलका फटका) मारताना हात आपोआप झटका खातो, चेंडू होलच्या पलीकडे चार फूट, आणि तुम्ही ठरवून काहीही करू शकत नाही. यिप्समुळे चांगल्या चांगल्यांची करिअर संपलीत. लांगरला हे विशीच्या आतच झालं! दक्षिण युरोपातली फास्ट ग्रीन्स (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, ज्यावर चेंडू वेगात पळतो) त्याला नवीन होती, हात जे थरथरायला लागले ते लागलेच. १९७९ मध्ये पंचविशीच्या आतल्यांची एक स्पर्धा तो १७ शॉट्सने जिंकला, म्हणजे बाकीचा खेळ केवढा असेल बघा, पण हातात पटर (पट मारायचा क्लब) आला की घोळ. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने पाच पौंडांना एक जुना, बायकांसाठी बनवलेला पटर घेतला आणि १९८० मध्ये युरोपियन टूरवर पहिली स्पर्धा जिंकली. पुढे यिप्स परत आले, त्याने डावा हात खाली उजवा वर अशी पकड केली. तेही बिघडलं, मग उजव्या हाताने पटरची मूठ डाव्या हाताला मनगटाच्या वर दाबून धरायची असली विचित्र पकड काढली. तेही गेलं तेव्हा छातीपर्यंत येणारा लांब पटर घेतला. चार वेळा आजार, चार वेळा नवीन औषध, तेही बहुतेक स्वतःच शोधलेलं.

माझं म्हणणं विचाराल तर त्याच्या साठीनंतरच्या सगळ्या करामतीचं मूळ इथे आहे. जे नैसर्गिक खेळाडू असतात, ज्यांना पहिली तीस वर्षं काही विचारच करावा लागत नाही, त्यांचं शरीर पन्नाशीनंतर कुरकुरायला लागलं की त्यांना काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही. लांगर विसाव्या वर्षापासून मोडलेला खेळ जोडत आलाय, त्याला गॅरेजमध्ये राहायची सवय आहे. एक किस्सा गोल्फवाले नेहमी सांगतात, त्याच्या कॅडीने स्प्रिंकलरपासूनचं अंतर सांगितलं तर हा विचारतो, स्प्रिंकलरच्या पुढच्या कडेपासून की मागच्या? खरं-खोटं देव जाणे पण माणूस तसाच आहे.

तरुणपणीचं यश पटकन सांगतो. ऑगस्टाची मास्टर्स ही मोठ्या मानाची स्पर्धा दोनदा, १९८५ आणि १९९३, एकदा पलटी पकड आणि एकदा ती मूठ हाताला दाबायची पकड. युरोपियन टूरवर ४२ विजय, त्याच्या पुढे फक्त सेव्ह बायेस्तेरोस, ५० विजयांवाला. एप्रिल १९८६ मध्ये जागतिक रँकिंग पहिल्यांदा जाहीर झालं तेव्हा पहिला नंबर लांगरचा होता, टिकला तीनच आठवडे, पण पहिला तो पहिला. आणि १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ चेंडू झाडावर अडकला तर हा पठ्ठ्या झाडावर चढला आणि तिथून मारून खाली काढला, तो फोटो अजून फिरतो.

आता ते जुनं प्रकरण. सप्टेंबर १९९१, अमेरिकेत कियावा आयलंड, रायडर कप. युरोप विरुद्ध अमेरिका, शेवटच्या दिवशी सगळ्या मॅच संपल्या आणि अख्खा कप एका मॅचवर येऊन अडकला, लांगर विरुद्ध हेल अर्विन. हो, तोच अर्विन. शेवटच्या होलवर लांगरला ६ फुटांचा पट. गेला असता तर १४-१४ बरोबरी आणि कप आधीपासून युरोपकडे असल्यामुळे तो त्यांच्याकडेच राहणार. त्या रेषेत बुटांच्या खिळ्यांनी उचकटलेली माती होती आणि तेव्हाच्या नियमाने ती दाबून सपाट करता येत नव्हती (हा नियम २०१९ मध्ये बदलला, आता करता येतं, २८ वर्षं उशिरा). त्याने आणि कॅडीने ठरवलं की त्या मातीला टाळून जरा सरळ मारायचं. चेंडू होलच्या कडेने बाहेर गेला. अमेरिका १४½-१३½. जगातला सगळ्यात जास्त दडपणाचा पट, आणि तो वाट्याला आला यिप्सच्या पेशंटच्या.

लोकांना वाटलं झालं, आता हा संपला. पुढच्याच आठवड्यात जर्मनीत तो स्पर्धा जिंकला, तीही प्लेऑफमध्ये, आणि प्लेऑफमध्ये पोचायलासुद्धा शेवटच्या होलवर त्या सहा फुटांपेक्षा बराच लांबचा पट घालावा लागला होता. २००४ मध्ये रायडर कपचा कॅप्टन झाला तेव्हा युरोपने अमेरिकेला त्यांच्याच घरी १८½-९½ धुतलं.

तर असा माणूस २००७ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासला पहिली सीनियर स्पर्धा जिंकला. बाकीचे आठवणी विकायला यायचे, हा कामाला आला. २०१० मध्ये स्कॉटलंडला कार्नूस्टीवर सीनियर ब्रिटिश ओपन जिंकली, तिथून विमानात बसून अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलजवळ, आणि पुढच्याच रविवारी यूएस सीनियर ओपन, फ्रेड कपल्सला त्याच्याच गावात हरवून. २०१३ मध्ये सीनियर ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल बर्कडेलला शेवटच्या होलवर दोन शॉट्सची आघाडी होती तर डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त) केली आणि प्लेऑफमध्ये मार्क वीबीकडून हरला. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा वेल्सला रॉयल पोर्थकॉलवर तो १३ शॉट्सने जिंकला. तेरा! सीनियर मेजरमध्ये, म्हणजे सगळ्यात मानाच्या स्पर्धांमध्ये, एवढ्या फरकाने कोणी जिंकलेलं नाही.

मध्ये एक वादही झाला. १ जानेवारी २०१६ पासून पटर शरीराला टेकवून मारायला बंदी आली, म्हणजे नेमकं लांगर वीस वर्षं जे करत होता तेच. सगळे म्हणाले आता बघू. त्याने पटर तोच ठेवला, फक्त वरचा हात छातीपासून किंचित लांब धरला. शर्टाला लागतोय की नाही यावर २०१७ मध्ये टीव्हीचे क्लोजअप काढून काढून चर्चा झाल्या, शेवटी नियम बनवणाऱ्या संस्थांनी सांगितलं की नियमभंग नाही. मला स्वतःला तो अँगल बघून कधी कधी शंका यायची, खोटं कशाला बोला, पण त्याने मुद्दाम काही केलं असेल असं वाटत नाही, या माणसाचा एकूण स्वभाव बघता. असो. बंदीनंतरच्या दोन वर्षांत त्याने पाच मेजर जिंकल्या, त्यातल्या तीन एकट्या २०१७ मध्ये, ज्या वर्षी तो साठ वर्षांचा झाला.

साठीनंतर विजय कमी झाले, पण थांबले नाहीत, वर्षाला एखाद-दोन येतच राहिले. २०२० च्या मास्टर्समध्ये ६३ व्या वर्षी कट पार केला आणि शेवटच्या दिवशी जोडीला होता ब्रायसन डीशॅम्बो, जगातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्यांपैकी एक. तो बॉल कुठल्या कुठे मारतोय आणि हा मागून 'वुड' म्हणतात त्या लांब क्लबने ग्रीनवर आणतोय. त्या दिवसाचा हिशोब, लांगर ७१, डीशॅम्बो ७३ (गोल्फमध्ये कमी तो चांगला).

फेब्रुवारी २०२३ ला फ्लोरिडात ४५ ची बरोबरी झाली. मग २ जुलैला विस्कॉन्सिनमध्ये यूएस सीनियर ओपन. मागे लागलेले स्टीव्ह स्ट्रिकर आणि जेरी केली दोघेही विस्कॉन्सिनचेच, सगळं पब्लिक त्यांच्या बाजूने. लांगरने शेवटच्या तीनही होलवर बोगी केली आणि तरी दोन शॉट्सने जिंकला, म्हणजे आधी काय केलं असेल समजा. सीनियर मेजर जिंकणारा सगळ्यात वयस्कर माणूस, विजय ४६ वा. ज्याच्यासमोर तो सहा फुटांचा पट हुकला होता त्याचाच रेकॉर्ड, ३२ वर्षांनी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल खेळताना टाचेमागची शीर फाटली, म्हणजे ॲकिलिस टेंडन, ऑपरेशन झालं. ६६ वर्षांच्या माणसाचं हे झालं की घरचे म्हणतात आता बास करा. तीन महिन्यांत हा परत टूरवर, चालणं कठीण म्हणून गाडीत बसून, ज्या गाड्यांवरून या टूरची टिंगल व्हायची त्याच गाड्या. आणि नोव्हेंबरमध्ये सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत, फिनिक्सला, शेवटच्या होलवर तीसेक फुटांचा पट घालून एका शॉटने जिंकला. ४७ वा. २००७ पासून सलग १८ वा सीझन, एकही रिकामा नाही. महिन्याभराने मुलगा जेसनबरोबर बाप-लेकांच्या स्पर्धेत टायगर वुड्स आणि त्याच्या मुलाला प्लेऑफमध्ये हरवलं, तिथेही शेवटचा ईगलचा (ठरल्यापेक्षा दोन फटके कमी) पट बापाचाच.

त्या दुखापतीमुळे मास्टर्सचा निरोप मात्र २०२४ चा २०२५ वर गेला. ४१ वी आणि शेवटची. दुसऱ्या दिवशी १८ व्या होलवर साधारण दहा फुटांचा पट घातला असता तर शनिवार-रविवार खेळायला मिळणार होतं, वय ६७. तो हुकला, कट एका शॉटने गेला. ग्रीनभोवतीचे सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि म्हातारा डोळे पुसत स्कोअरकार्डवर सही करायला गेला.