चारचौघांत कोडे सोडवताना वाद कशावरून होतो : थोडी पार्श्वभूमी

भौतिकशास्त्रातली आणि तर्काची अवघड कोडी मिळून सोडवण्याचा माग काढायचा, तर १६५४ सालच्या पत्रांपासून सुरुवात करणे सोयीचे. ती लिहिणारे दोन फ्रेंच गणितज्ञ : ब्लेझ पास्कल पॅरिसमध्ये, पिएर द फर्मा तुलूझमध्ये. प्रश्न जुगाराचा होता. ठरलेले डाव जो आधी जिंकेल त्याला सगळे पैसे. पण खेळ मध्येच मोडला तर वाटणी कशी करायची? समजा पहिल्याला अजून दोन डाव हवेत, दुसऱ्याला तीन. फर्माची रीत अशी : जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणारच, तेव्हा चारही डाव खेळले असे धरा. शक्यता १६, त्यांतल्या ११ पहिल्याच्या आणि ५ दुसऱ्याच्या.

यावर रोबेरव्हाल या गणितज्ञाने हरकत घेतली. दोनच डावांत निकाल लागला, तर पुढचे दोन कोण कशाला खेळेल? पास्कलचे उत्तर असे की, दोघांच्या खेळात जादा डावांनी विजेता बदलत नाही. पहिल्याने चारपैकी दोन जिंकले की दुसऱ्याला तीन मिळणे शक्यच नाही.

गाडी अडली ती तीन खेळाडूंवर. पहिल्याला एक डाव हवा, दुसऱ्या-तिसऱ्याला दोन-दोन. तीन डाव, २७ शक्यता. पण ‘पहिला, दुसरा, दुसरा’ असा क्रम आला तर दोघांचीही गरज भागलेली दिसते. असे सहा क्रम निघतात. पास्कलने ते निम्मे-निम्मे वाटले, १६, साडेपाच, साडेपाच असा हिशेब मांडला आणि तिघांच्या खेळात ही रीत चालत नाही असे कळवले. फर्माने सप्टेंबरात दाखवून दिले की रीतीत खोट नाही, फक्त आधी कोण पोहोचला ते पाहायला हवे. त्या सहांपैकी चार क्रमांत पहिला आधी पोहोचतो, उरलेल्या दोनांपैकी एक दुसऱ्याचा, एक तिसऱ्याचा. म्हणजे १७, ५, ५. ‘जादा डावांनी फरक पडत नाही’ ही दोघांच्या खेळापुरती खरी असलेली अट तिघांच्या खेळात न विचारता घुसली होती. पुढच्या जवळपास प्रत्येक गाजलेल्या वादात हाच चोर सापडतो.

१६९६ मध्ये योहान बर्नुली या गणितज्ञाने वेगळीच वाट धरली : जाहीर आव्हान. वरच्या बिंदूपासून खालच्या बिंदूपर्यंत वस्तू कमीत कमी वेळात घसरेल असा वक्र कोणता? मुदत आधी सहा महिने, मग १६९७ च्या ईस्टरपर्यंत वाढवलेली. न्यूटन, लायब्निझ असे दिग्गज उतरले आणि उत्तरेही अचूक आली. पण ही शर्यत झाली. एकाचे अडखळणे दुसऱ्याच्या उपयोगी पडावे अशी सोय तिच्यात नव्हती.

ती सोय किती लागते, हे दोन यानांच्या कोड्यात दिसते. ड्यूअन आणि बेरन यांनी ते १९५९ मध्ये मांडले, पण गाजवले भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी. एकामागे एक दोन स्थिर याने, समजा १०० मीटर अंतरावर, मध्ये जेमतेम पुरेल असा नाजूक धागा. दोन्ही याने एकाच क्षणी निघतात आणि अगदी सारख्या रीतीने वेग वाढवतात. धागा तुटेल का? बेल यांनी १९७६ मध्ये लिहिले आहे की सर्न या जिनीव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात यावर वाद झाला, सैद्धांतिक विभागात कौल घेतला, आणि बहुमत पडले ‘तुटणार नाही’ या बाजूने. बहुमत चुकले होते. जमिनीवरून पाहता यानांतले अंतर १०० मीटरच राहते, कारण दोघांची गती प्रत्येक क्षणी सारखी. पण सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणारी वस्तू गतीच्या दिशेने आखूड होते, हेच तिचे आकुंचन; प्रकाशाच्या ६० टक्के वेगाला १०० मीटरचा न ताणलेला धागा ८० मीटरच दिसायला हवा. तरी तो १०० मीटर अंतर पुरवतोय, म्हणजे स्वतःच्या मापाने १२५ मीटरपर्यंत ताणला गेलाय. फसगत होते ती ‘आकुंचन याने आणि मधले अंतर या सगळ्यांचे मिळून होते’ असे धरल्याने. त्याच मंडळींपैकी अनेकांनी चालकाच्या नजरेतून मांडणी केल्यावर उत्तर बदलले. हात वर करून शास्त्र ठरत नाही, हे खरे. पण कौल घेतला नसता तर चूक झाकलेलीच राहिली असती.

तीन दरवाज्यांच्या कोड्यावर १९९० मध्ये अमेरिकेत पत्रांचा पाऊस पडला, त्याचेही मूळ हेच. एका दारामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या; खेळाडू एक दार निवडतो, मग खेळाचा सूत्रधार उरलेल्यांपैकी एक उघडून बकरी दाखवतो आणि निवड बदलायची का ते विचारतो. सूत्रधार गाडी कुठे आहे हे जाणून मुद्दाम बकरीचेच दार उघडत असेल, तर निवड बदलणाऱ्याला दोन-तृतीयांश संधी. त्याने अंदाजाने उघडलेल्या दारामागे योगायोगाने बकरी निघाली असेल, तर निम्मी-निम्मी. भांडणाऱ्यांनी आधी सूत्रधाराचा नियम लिहून काढला असता तर बरीच शाई वाचली असती.

शिकवण्यात ही गोष्ट दोन ठिकाणी पद्धतशीर उतरली. मॉस्कोत १९७९ पासून सुरू झालेल्या आणि १९८८ पासून आंतरराष्ट्रीय झालेल्या तरुण भौतिकशास्त्रज्ञांच्या स्पर्धेत एक संघ उत्तर मांडतो, दुसरा त्यातले कच्चे दुवे शोधतो, तिसरा दोघांचीही तपासणी करतो. हार्वर्डमध्ये एरिक मॅझर यांनी १९९१ पासून वर्गात वेगळा क्रम लावला : प्रश्न, मिनिट-दोन मिनिटे एकट्याने विचार, प्रत्येकाचे उत्तर नोंदवणे, मग शेजाऱ्याला पटवून देणे, शेवटी पुन्हा नोंद. पहिली नोंद चर्चेआधीच घ्यायची, नाहीतर मोठ्या आवाजाचे उत्तर सगळ्यांचे होते. अदमासे ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तरच चर्चा लावायची. त्याहून कमी असतील तर वर्गात योग्य कारण सांगणारेच थोडे, त्यामुळे मुद्दा पुन्हा समजावावा लागतो. जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढचा प्रश्न.