स्वयंपाकघरातील मॅट फरशी: खरखर किती हवी?

चकाकणारी टाइल आणि मॅट टाइल यांतील फरक आपण डोळ्यांनी ओळखत असलो, तरी तो मुळात पृष्ठभागाच्या घडणीचा आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. मॅट पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म उंचवटे तो चहूकडे विखुरतात. हेच उंचवटे पायाला पकड देतात. ओल्या फरशीवर तळवा आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, आणि त्यातून वर येणारी टोके नसतील तर ते पाणी वंगणाचे काम करते. तेल पाण्यापेक्षा दाट असल्याने पायाखालून चटकन बाजूला सरत नाही. त्यामुळे पाण्यावर पुरेशी ठरणारी खरखर सांडलेल्या तेलावर अपुरी पडू शकते.

हा गुण मोजण्याच्या एका प्रचलित जर्मन चाचणीत टाइलवर तेल पसरतात, बूट घातलेली व्यक्ती तिच्यावर चालत राहते आणि पाय निसटेपर्यंत उतार वाढवत नेतात. ६ ते १० अंशांपर्यंत तग धरणारी टाइल ‘आर ९’, तर १० ते १९ अंशांची ‘आर १०’ ठरते. घरासाठी ‘आर १०’ पुरेशी वाटते. त्याहून खरखरीत टाइलच्या खळग्यांत मळ आणि साबणाचा थर साचतो, म्हणून घरात फरशी जो पुसतो त्याला विचारल्याशिवाय ती घेऊ नये. (अनवाणी वावरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ही चाचणी बुटांची आहे, अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावरील वेगळी चाचणी आहे.)

मॅट टाइलवर डाग अधिक पडतात, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. डाग आत मुरणे हे छिद्रांवर अवलंबून असते. साधारण १,२०० अंश सेल्सिअसला भाजलेली पोर्सलिन टाइल वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. पॉलिश करताना तिचा वरचा थर घासला जाऊन आतली बंद छिद्रे उघडी पडतात. भट्टीतून निघालेली मॅट टाइल तशीच ठेवली तर हा थर शाबूत राहतो.

तेल आत येऊ न देणारी हीच घट्ट घडण टाइल बसवताना अडचणीची ठरते, कारण साध्या सिमेंटला मागील बाजूने शिरून धरायला छिद्रेच उरत नाहीत. म्हणून पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्ह वापरावे, ते दातेरी थापीने एकाच दिशेने सरळ ओढावे, म्हणजे टाइल दाबताना हवा सरींमधून बाहेर पडते, आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यावा. मधूनच एखादी टाइल उचलून पाठ पाहावी. कोरडे ठिपके दिसले तर तिथे पुढे पोकळ आवाज येणार, आणि जड भांडे पडले तर टाइल तिथेच फुटणार.

टाइलमध्ये २ ते ३ मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी थोडी मोकळी फट ठेवावी, कारण तापमानाने टाइल प्रसरण पावते आणि खालचे काँक्रीट वाळताना आकसते. सांधे भरण्याचे मिश्रण म्हणजे ग्राउट. सिमेंटचा ग्राउट तेल शोषतो, एपॉक्सी (कडक होणारी कृत्रिम राळ) ग्राउट शोषत नाही. पण एपॉक्सीचा पातळ थर मॅट पृष्ठभागाच्या खळग्यांत बसून कडक झाला की निघता निघत नाही, म्हणून एका वेळी थोडेच सांधे भरून ते ओले असतानाच पुसून घ्यावेत.