शिशाच्या गोळ्यांचं वंगण-यंत्र : पार्श्वभूमी

बंदुकीसाठी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीला वंगण का लागतं (शिसं नळीला चिकटू नये म्हणून), ते इथे नव्याने सांगत नाही. त्या वंगणातल्या चरबीवरून १८५७ साली काय झालं तेही नाही. बंदुकीच्या काळ्या दारूच्या दिवसांत मेण आणि चरबी एवढ्यावर भागायचं. पसरट भांड्यात गोळ्या उभ्या करायच्या, गोळीच्या अंगावरच्या खाचा बुडतील इतकं पातळ वंगण ओतायचं, गोठलं की पोकळ नळकांड्याने एकेक गोळी कापून काढायची आणि व्यास नेमका करायला साच्यातून पार ठोकायची. पुढे दांडा एकदा ओढला की वंगण भरणं आणि साच्यातून काढणं (‘साइझिंग’) ही दोन्ही कामं उरकणारं बिडाचं यंत्र अमेरिकेत आलं. ते बनवणारा कनेक्टिकटमधला कारखाना १८८४ चा; १९२५ मध्ये तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, म्हणून जुन्या यंत्रांवर दोन नावं सापडतात.

‘साइझिंग’ या शब्दाने मात्र फार घोळ घातलाय. मापाप्रमाणे गोळ्या निवडणं, असा अर्थ कुणी कुणी घेतात. यंत्र काही मोजत नाही. वरचा पंच, म्हणजे दट्ट्या, गोळी डायमध्ये, म्हणजे भोकाच्या साच्यात, दाबतो, शिसं दबून व्यास डायच्या भोकाएवढा होतो आणि डायच्या छिद्रांतून वंगण खाचांत शिरतं. जाड गोळी बारीक होते. बारीक गोळी जाड होत नाही. मग किती बारीक करायची? जुना सल्ला बंदुकीच्या नळीतल्या पीळदार चरांच्या व्यासाएवढी. नंतर एक हजारांश इंच जास्त ठेवायची रीत पडली. मला नंतरचीच पटते. सैल गोळीच्या कडेने तापलेला वायू निसटतो, शिसं नळीला चिकटतं आणि बोल लागतो वंगणाला. .४५ कोल्ट या काडतुसाच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रिव्हॉल्व्हरांत चरांचा हा व्यास साधारण ०.४५४ इंच, नंतरच्यांत ०.४५२ च्या आसपास. जुन्या यंत्रातली डाय त्याच काळातली असू शकते. गंज घासायच्या नादात ती मोजायची राहून जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेण आणि अलॉक्स हे पेट्रोलियमपासूनचं गंजरोधक निम्मं-निम्मं मिसळायची पद्धत रुळली. हे मिश्रण मऊ, नुसत्या दाबाने सरकणारं. नंतरची कडक वंगणं हाताला चिकटत नाहीत, पण तापवल्याशिवाय हलत नाहीत. जुन्या यंत्राखाली त्यासाठी तापपट्टी बसवतात. ती न लावता वंगणाला दाब देणाऱ्या स्क्रूचा पाना रेटला की स्क्रूचे आटे गेलेच.

यंत्राच्या वंगणाच्या टाकीत दगड झालेलं जुनं वंगण गरम हवेने सैल करून काढतात, उरलेलं केरोसीनने. त्यात शिसं असतं, तेव्हा स्वयंपाकाची भांडी नकोत. नवं वंगण पातळ करून ओतलं तर गोठताना आकसतं, मध्ये पोकळी राहते आणि पुढच्या कितीतरी गोळ्यांच्या खाचा अर्ध्याच भरतात. मधोमध भोक असलेल्या तयार कांड्यांमुळे ही कटकट टळली. स्क्रू त्या भोकातून जातो. काम थांबवताना पाना थोडा उलटा फिरवायचा. नाहीतर टाकीत दाब राहतो, वंगण गोळीच्या बुडाखाली पाझरतं आणि तिथून काडतुसातल्या दारूत.