वेगनिर्धारक पायरी कशी ओळखायची : एका व्याख्येची पार्श्वभूमी

अ‍ॅसिटोनच्या ब्रोमिनेशनचा वेग ब्रोमिनच्या संहतीवर अवलंबून नसतो, हे १९०४ साली प्रसिद्ध झाले. वेग वाढतो तो अ‍ॅसिटोन किंवा आम्ल वाढवल्यावर. म्हणजे वेळ जातो तो ईनॉल (अ‍ॅसिटोनचे जास्त क्रियाशील रूप) होण्यात; एकूण वेग ठरवणारी, म्हणजे वेगनिर्धारक, पायरी तीच. एकदा ईनॉल झाले की हॅलोजन (ब्रोमिन, आयोडिन यांसारखे मूलद्रव्य) त्याला लगेच पकडतो.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हेच आयोडिन घेऊन करतात. ठरावीक वेळाने पिपेटने मिश्रण काढून सोडियम बायकार्बोनेटमध्ये सोडायचे, आम्ल मरते आणि अभिक्रिया थांबते. मग थायोसल्फेटने टायट्रेशन. बायकार्बोनेटऐवजी कॉस्टिक सोडा घेतला की रीडिंग गेलेच, कारण अल्कलीत आयोडोफॉर्म होऊ लागते. थायोसल्फेटचे आकारमान (म्हणजे उरलेले आयोडिन) आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा. सुरुवातीला आम्लच कमी घेतले असेल तर अभिक्रियेत तयार होणारे आम्ल वेग वाढवत नेते आणि रेषा वळते.

खरा घोळ वेगनिर्धारक पायरी म्हणजे ‘सर्वांत मंद पायरी’ या पाठ्यपुस्तकी व्याख्येत आहे. स्थिर अवस्थेत एकापाठोपाठच्या सगळ्या पायऱ्यांचा निव्वळ वेग सारखाच असतो, मग मंद कोणती? सर्वांत लहान वेगस्थिरांक (वेगाच्या समीकरणातला संहतींचा गुणक) पाहावा, तर पहिल्या आणि दुसऱ्या कोटीच्या (कोटी म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे ते) स्थिरांकांची एककेच वेगळी. सर्वांत उंच ऊर्जेचा अडथळा पाहावा, तर तो कुठून मोजायचा? समजा पहिला अडथळा ६० किलोज्यूल प्रति मोल, मध्यस्थ (दोन पायऱ्यांमध्ये तयार होणारा पदार्थ) ५० वर आणि तिथून पुढचा अडथळा ४०. अडथळा मोठा पहिल्या पायरीचा, पण वेग ठरवते दुसरी: तिचे शिखर ९० वर आहे आणि मध्यस्थाला मागे फिरायला १० पुरतात. हा प्रश्न १९८१ मध्ये रसायनशिक्षणाच्या एका नियतकालिकात सविस्तर मांडला गेला.

नव्वदच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी व्याख्या बदलली: जिचा वेगस्थिरांक बदलल्यास एकूण वेगावर सर्वांत जास्त परिणाम होतो, ती पायरी. हे योग्यच झाले. मात्र निर्धारक, नियंत्रक आणि मर्यादक हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत, ही शिफारस सोयीपुरतीच वाटते. ‘निर्धारक’ हा शब्द काही जण सुरुवातीच्या मंद पायरीपुरता, जिच्यामागून जलद पायऱ्या येतात, राखून ठेवत. शिवाय नव्या व्याख्येने नियंत्रण दोन पायऱ्यांत ०.६ आणि ०.४ असेही वाटले जाऊ शकते. तिथे एकच पायरी शोधत बसण्यात अर्थ नाही. परिस्थिती बदलली की पायरीही बदलते: हॅलोजन अतिविरळ केले तर अ‍ॅसिटोनच्या अभिक्रियेतही त्याची कोटी शून्यावरून एककडे सरकते.

समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचा) पुरावा १९३० च्या दशकात आला. ड्युटेरियमयुक्त (हायड्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक असलेले) अ‍ॅसिटोन सुमारे सातपट मंद चालते, म्हणजे कार्बन-हायड्रोजन बंध निर्धारक पायरीतच तुटतो. पुढे हाच आकडा वाटेल तसा वापरला गेला. एकाच फ्लास्कमध्ये साधा आणि ड्युटेरियमयुक्त असे दोन्ही नमुने एकत्र घालून उत्पादांचे गुणोत्तर मोजले, तर वेगनिर्धारक पायरीनंतर बंध तुटत असला तरी मोठा परिणाम दिसू शकतो. २०१२ मधल्या एका बहुचर्चित लेखाने हे स्पष्ट केले: दोन वेगळे फ्लास्क, दोन वेगळे वेग आणि त्यांची भागाकाराने तुलना, एवढे केले तरच निष्कर्ष निर्धारक पायरीबद्दल निघतो.