सामने वाढले, सराव आटला: अमेरिकेतील मुलांच्या बेसबॉलची पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये मुलांसाठी लिटल लीग सुरू केली, तेव्हा संघ तीनच होते आणि त्यांचा खर्च गावातल्या धंदेवाल्यांनी उचलला होता. ही पद्धत पुढे देशभर पसरली, तरी तिचा साचा स्थानिकच राहिला: वस्तीतली मुले, जवळचे मैदान, कुणाचे तरी वडील प्रशिक्षक, आणि दोन सामन्यांच्या मधल्या संध्याकाळी सराव.

हा साचा बदलला तो गावोगाव स्पर्धा खेळत हिंडणाऱ्या निवडक संघांमुळे, म्हणजे ‘ट्रॅव्हल टीम’मुळे. १९९०च्या दशकात आयोवात सुरू झालेली ‘परफेक्ट गेम’ ही संस्था होतकरू खेळाडूंना महाविद्यालयांच्या आणि व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांसमोर आणू लागली. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउनजवळ ‘ड्रीम्स पार्क’ उघडले, जिथे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संघ मुक्कामी येऊन खेळतात. प्रवेश शुल्क, हॉटेलच्या खोल्या, प्रेक्षकांची तिकिटे हा सगळा व्यवहार सामन्यांवर चालतो. सराव मागे पडण्याचे खरे कारण पालकांच्या हौसेपेक्षा हेच असावे. त्यातच एका संघातली मुले दूरदूरच्या गावांतली असली, तर शाळेच्या दिवसांत त्यांना एकत्र जमवणेच अवघड होते.

शनिवार-रविवारी चार-पाच सामने खेळणाऱ्या संघातल्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूने गाठायच्या टप्प्यांच्या) मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, एका सामन्यात दोन-तीन ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारे चेंडू, येतात, कधी एकही येत नाही. प्रशिक्षकाने ‘फंगो’ ही लांब, हलकी बॅट हाती घेतली, तर अर्ध्या तासात त्याच मुलाला पन्नासेक ग्राउंडर अडवायला मिळतात, आणि एखादा हुकला की पाऊल कुठे चुकले ते दाखवून तसाच चेंडू पुन्हा मारता येतो. पैसे मोजून घेतलेल्या खासगी शिकवणीत फलंदाजी सुधारते, पण दोन बेसच्या मध्ये अडकलेल्या धावपटूला चौघांनी मिळून कसे कोंडायचे, हे संघ एकत्र आल्याशिवाय शिकता येत नाही.

या प्रश्नाची चर्चा वाढली ती मात्र कौशल्याच्या नव्हे, कोपराच्या काळजीने. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स या व्यावसायिक संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, टॉमी जॉन याच्या कोपरावर केलेली शस्त्रक्रिया पुढे शाळकरी मुलांवरही होऊ लागली. वर्षातले आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धांत पिचिंग करणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट असल्याचे अलाबामातील बर्मिंगहॅमच्या संशोधकांना २००६ मध्ये आढळले. लिटल लीगने २००७ मध्ये पिच, म्हणजे पिचरने फेकलेले चेंडू, मोजण्याचा नियम आणला, २०१४ मध्ये मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगने आणि यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संघटनेने ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शिका काढली. पुढच्याच वर्षी, स्वतः ती शस्त्रक्रिया झालेले नामवंत पिचर जॉन स्मोल्ट्झ यांनी बेसबॉल हा बारमाही खेळ नव्हे, असे पालकांना बजावले. तेही थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात, म्हणजे कूपर्सटाउनमध्येच.

या सगळ्या नियमांचा रोख पिचरवर आहे. शॉर्टस्टॉपने वर्षात किती सामने खेळावेत किंवा एका सामन्यामागे किती सराव करावा, हे त्यांत ठरलेले नाही. ट्रॅव्हल टीमच्या बाबतीत तो निर्णय आजही संघ चालवणारेच घेतात.